तिले समजलंच नाही

सौसर,
दिवाळी आटोपल्यावर

प्रिय माय,

तुले मी आजपर्यंत एकही पत्र लिहिलं नाही. लिहायचं कशाले? तू भिंतीवर होतीच ना समोर! काही सांगायचं असलं की तुझ्या फोटोपुढं उभी राहायची अन् सांगून टाकायची. पण महिना होत आला, मले त्या फोटोशी बोलवत नाही. माझा त्याच्यावरचा भरोसाच उडाला. म्हणून कागदावर बोलून राहिली. शाळा माझी पहिल्यापासून इंग्रजी, तर मराठी लिहिते ते बोलते तसंच. बाबा मास्तर असले तरी चुका काढणार नाहीत, कारण हे पत्र त्यांना दाखवायचंच नाही.

तुले माहीत नसेल, मी आता फोटो काढते! नागपूरले कॉलेजात आम्हा फोटोवेड्या पोरापोरींची एक टोळी आहे. कॅमेरा एक, अन् भांडणं रोज. अर्धे म्हणतात, माणसाले सांगून, नीट बसवून फोटो काढावा. अर्धे म्हणतात, कॅन्डिड काढा, म्हणजे न सांगता; माणसाले समजलं की तो खोटा झालाच. मी दुसऱ्या अर्ध्यांतली. एकदम कट्टर! बसवलेला फोटो पाहिला की मले संशयच येतो. नवऱ्यानं पोट आत ओढलेलं, अंगात शेजाऱ्याचा कोट, अन् बायको हातभर दूर उभी, जशी काही मोटरची वाट पाहून राहिली. यात खरं काय आहे, सांग बरं?

अन् माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा कोण? तू!

मी चार वर्षांची असताना तू गेली. तुझा आवाज मले आठवत नाही, चेहरा आठवत नाही. आठवतो तो फोटोतलाच. मामाच्या पांढुर्ण्याच्या वाडीत संत्र्याच्या झाडाखाली तू खुर्चीत बसली आहेस, मान जराशी कलली आहे, नजर खाली पदरात. पदरात काहीतरी गोल आहे, वर तुझे हात. मी म्हणायची, माय संत्री घेऊन बसली. मामाले विचारलं की तो दर वेळी एकच सांगे, "तुझी माय फोटोले बसाले लय नखरे करे वं. मंग मी काढूनच घेतला. तिले समजलंच नाही."

तिले समजलंच नाही! हे वाक्य मी नागपूरभर मिरवलं, माय. पाहा म्हटलं, याले म्हणतात कॅन्डिड!

मग एक दिवस विमलनं माझ्यापाशी असलेली त्या फोटोची प्रत हातात घेतली. विमल माझी पक्की मैत्रीण, पण बसवून काढणाऱ्यांतली. तिनं भिंग लावलं. पाहिलं, पुन्हा पाहिलं, अन् भिंग काही खाली ठेवेना.

"बोल ना," मी म्हटलं. "हरली का?"

"कुमे, तुझ्या आईच्या डोक्यावरची पानं पाहा. सगळी हललेली. वारा होता, अन् शटर बराच वेळ उघडं होतं."

"मग?"

"मग आई कशी नाही हलली? पापणीसुद्धा नाही. न सांगता काढलेला माणूस इतका स्थिर राहतो?"

मी तिच्या हातातून फोटो ओढून घेतला. चिडली असेल, जळत असेल, काय काय म्हटलं मनात. पण संशय म्हणजे गोखरूचा काटा, माय. पायात शिरला की चालू देते का?

सुट्टीत टोळीचा कॅमेरा घेऊन घरी आली तर इथं वेगळंच. तुले काय माहीत, औंदा भाषेवरून राज्यांची वाटणी झाली! नागपूर गेलं मुंबईकडं, अन् आपण राहिलो भोपाळकडं. तुझ्या वेळी सगळं एकच होतं ना? आता माझं कॉलेज परराज्यात! बाजारात मी सरकीच्या पोत्याआडून लपून फोटो काढून राहिली होती, तर एका कापूसवाल्यानं धरलंच.

"काय वं बाई, कोन कोन्या भाषेत भाव करते, ते टिपून राहिली का?"

"नाही हो काका, नुसता फोटो."

"मंग लपून काहून? सांगतलं असतं तर फेटा तरी नीट बांधला असता!"

बाजूची वांगीवाली म्हणे, "सरकारची हाय ते. भोपाळची का मुंबईची, तेवढं इचारून घ्या."

सगळे हसले, मीबी हसली. पण खरं सांगू? ते माझ्याकडं ज्या नजरेनं पाहत होते, त्याच नजरेनं मी घरी येऊन तुझ्याकडं पाहिलं.

अन् मग एकेक दिसत गेलं. लुगडं कोरं करकरीत. वाडीत कामाच्या दिवशी कोणी कोरं लुगडं नेसते का? केस चापूनचोपून, एक बट बाहेर नाही. कुंकू टिकलीएवढं नाही, कपाळभर. अन् बाबा! इतकी वर्षं मी पाहून राहिली, बाबा त्या भिंतीकडं पाठ करून जेवतात. मले वाटे, दुःख होत असेल. आता वाटे, काय लपवून राहिले?

लोधीखेड्याले आत्याकडं गेली होती, तिथं दिवाणखान्यातल्या फोटोत एक म्हातारे खुर्चीत बसलेले, मागं सारं कुटुंब उभं. मी म्हटलं, आजोबा किती शांत बसले! आत्या सहज म्हणे, "बसले नाहीत बाई, बसवले. गेल्यावर काढला ना तो. जिवंतपणी कोनाचे फोटो होते? गेलेल्या माणसाले खुर्चीवर बसवायचं, अन् एक काढून ठेवायचा. नाहीतर पोरांनी पाहावं काय?"

आपल्या फोटोतबी तू जिवंत नसलीस तर मी तुले पाहिलंच नाही, माय! ज्या चेहऱ्याशी मी परीक्षा, भांडणं, पहिली पाळी सगळं बोलली, तो चेहरा ऐकतच नव्हता?

दुसऱ्याच दिवशी मोटर पकडून पांढुर्ण्याले गेली.

मामा वाडीतच होता, टोपल्यांत संत्री भरून राहिला होता. म्हातारा झाला आता, पण बोलणं तसंच. "आली का मुंबईवाली? अवं, का भोपाळवाली म्हणू? रिकाम्या हातानं आली का काही आनलं?"

मी हसली नाही. फोटो पुढं धरला. "मामा, मायच्या पदरात काय आहे?"

"हे काय इचारनं झालं?"

"संत्री आहेत का ओटी?"

हातातलं संत्र मामानं टोपलीत ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"ओटी हाय," तो म्हणे. "सवाशीण गेली होती बाई. भरल्या ओटीनंच न्यावं लागते. नारळ हाय तो."

"अन् तुम्ही मले इतकी वर्षं खोटं सांगितलं!"

"खोटं कुठी सांगतलं? मी म्हटलं, तिले समजलंच नाही. नाहीच समजलं तिले." एवढं म्हणून तो बांधावर बसला अन् उपरणं तोंडाले लावलं.

मी काय करावं? राग मामावर काढावा, का बाबावर? का तुझ्यावर? हो, तुझ्यावरच! एक फोटो काढू दिला असता तर काय बिघडलं असतं? जिवंतपणी एकदा बसायचं होतं ना खुर्चीवर! तसंच मी मामाले म्हटलं. "इतके कसले नखरे होते तिचे?"

मामानं मान वर केली. "बसली होती ना! त्याच झाडाखाली, त्याच खुर्चीत. इथंच तापानं पडली, त्याच्या आधी. लढाईचे दिवस, रीळ भेटे नाही, माह्यापाशी एकच फोटो शिल्लक. सावली होती, मी डबा कॅमेरा स्टुलावर ठेवला. म्हटलं, आता हलू नको, पापनी लववू नको, दम बी नको घेऊ. तर म्हणे, 'दादा, दम बी नको घेऊ? मरू का मंग?' अन् जे हसत सुटली! फोटो हलला. सारा बिघडला."

"कुठं आहे तो?"

"हललेला फोटो कोनी छापते का? लोकं म्हनतील भूत हाय." मग हळूच म्हणे, "ती गेली तवा कुठून तरी रीळ मागून आनलं, अन् खुर्ची त्याच जागेवर ठेवली. म्हटलं, आता नाही हलणार."

निगेटिव्ह त्याच्यापाशी होती. बिस्किटाच्या डब्यात, बाकीच्या खराब निगेटिव्हांत. बिघडली म्हणे, अन् फेकली तर नाही!

मी ती नागपूरले नेऊन स्वतः छापली. तुझा चेहरा नाहीच त्यात, माय. तीन चेहरे एकमेकांत पुसल्यासारखे, डोळे कुठं ते समजत नाही. पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात तोंडाकडं निघालेला, धुरासारखा. खुर्ची मात्र झक्क आली आहे!

अन् पाहा, मी किती संशयी झाली आहे. छापून झाल्यावर पहिला विचार काय आला? ही तूच कशावरून? मामी असेल, आत्या असेल, वाडीतली कोणी असेल. मामानं एकदा फसवलं, तो पुन्हा फसवणार नाही कशावरून? विमल म्हणे, "आता तरी पुरे कर!" पण मी नाही थांबली.

काल सकाळी बाबा अंगणात पोरांच्या वह्या तपासत बसले होते. मी काही न सांगता तो फोटो वह्यांवर ठेवला. म्हटलं, "ओळखा, कोण?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकापाशी नेला. मी मनात म्हणून राहिली, आता विचारतील, हा कसला बिघडलेला फोटो. त्यांनी विचारलं नाही.

"हसून राहिली," बाबा म्हणाले.

बस, एवढंच. कोण, ते सांगितलंच नाही, जसं काही ते विचारायचं कामच नव्हतं. मग बोट ठेवून दाखवलं, "असा हात न्यायची तोंडावर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जायचाच." अन् त्या वह्या तशाच सोडून कितीतरी वेळ पाहत बसले. तुझ्याकडं तोंड करून, माय!

कॉलेजातल्या मुंबईकडच्या पोरी मले हसतात, तुम्ही इकडचे प्रत्येक गोष्टीला 'राहिली' का लावता? जेवून राहिली, जाऊन राहिली! मीबी लाजायची. काल नाही लाजली. हसली होती, असं नाही म्हणाले बाबा. हसून राहिली म्हणाले, म्हणजे आत्ताबी.

टोळीतल्या भांडणाचं आता काय करू? तुले सांगून बसवलं त्यातच तू जिवंत निघाली, अन् न सांगता काढला त्यात नव्हतीच! माझी बाजू साफ आपटली, अन् विमलचीबी काही उभी राहिली नाही. तिचं तर म्हणणं, बसवलेला माणूस हलू नये.

भिंतीवरचा फोटो मी फेकणार नाही. मामानं तो कसा काढला असेल, ते मले आता माहीत आहे. पण त्याच्याशी बोलणारबी नाही. तो पेटीत, मामाचं एक उपरणं मागून त्यात गुंडाळून ठेवीन. खिळ्यावर आता तू, पुसलेली, धुरकट. शेजारीण कालच विचारून गेली, "हे काय भूत लावलं वं?" लावलं म्हटलं.

अन् एक कबूल करते तुले. फोटो खाली ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "माझा बी एक काढशील का? पण मले स्थिर नाही बसता येत बरं." उद्याच काढीन, माय. सांगून काढीन, त्यांची जेवायची जागा आहे तिथंच, तुझ्याकडं तोंड करून. अन् हलू नका, असं एकदाही म्हणणार नाही.

तुझ्या हसण्याची वाट पाहून राहिलेली,
तुझी कुमी