लिस्टवरची संध्या

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी संध्या म्हणाली, "मॅथ्यू येतोय इंदूरला. दुसऱ्या शनिवारी जेवायला बोलवलंय."

कोण मॅथ्यू?

"अहो, लिस्टवरचा. त्रिशूरचा."

लिस्ट म्हणजे तिची ती ईमेलवाली मंडळी. कॉम्प्युटरवर आपली अक्षरं नीट दिसावीत म्हणून फाँट तयार करतात आणि जगाला वाटून टाकतात. चिनूच्या जन्माच्या आधीपासून चाललंय. पोरगी आता पुण्यात नोकरीला लागली, यांचं अजून चालूच.

"इतकी वर्षं ओळख, पण भेट एकदाही नाही. किती अजीब न?"

बोलता बोलता पोहे खाली लागले. सं.चे पोहे कधी लागत नाहीत.

२९ नोव्हें.

ब्रँचमध्ये दिवसभर डोक्यात मॅथ्यू. हे नाव मी पूर्वी ऐकलेलं आहे. आम्ही नुकते तुकोगंजात राहायला आलो होतो तेव्हा. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, आधी ते किंचाळणं, घरघर, मग सं. तासभर गप्प. फोन एंगेज. कऱ्हाडहून आई लावून लावून थकायची. मी सांगायचो, लाइन खराब आहे. त्या काळी सायबर कॅफेत अर्धं इंदूर अनोळखी माणसांशी गप्पा मारत बसलेलं असायचं, खोटी नावं घेऊन. मला वाटलं होतं, हिचंही तेच खूळ. उतरेल.

१ डिसें., सोम.

आज विचारलं, तुम्हाला यातून मिळतं काय? आमच्या बँकेत साधं सॉफ्टवेअर घ्यायचं तर लायसन्स लागतं. फुकट दिलेल्या वस्तूला किंमत नसते, हे मी रोज ग्राहक बघून सांगतो.

"फुकट नाही हो, मुक्त. फरक आहे. तुमच्या भाचीची पत्रिका आमच्या फाँटमध्ये छापली होती. छापणाऱ्याने कोणाला विचारलं नाही, विचारायची जरूरतच नाही. बस, घ्या न वापरा."

तिची ही इंदुरी मराठी! मी म्हटलं, "'घ्या न वापरा' नाही, 'घ्या नि वापरा'."

"हो," म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली. विषय संपला. पुढे काय सांगणार होती कोण जाणे.

३ डिसें.

लंच-टाइमला केबिनचं दार लोटून नेटवर सं.चं नाव टाकलं. बघतो तर काय, सगळं उघडं! त्यांची लिस्ट म्हणजे चव्हाट्यावरची पत्रव्यवहाराची पेटी. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक मेल वर्षवार लावून ठेवलाय. कुणीही वाचा. कुलूप नाही, पासवर्ड नाही. मी आपला चोरासारखा दार लोटून बसलो होतो.

डबा तसाच परत आणला. सं.ला सांगितलं, भूक नव्हती.

५ डिसें.

वाचतोय. इंग्रजीत आहे, निम्मं डोक्यावरून जातं. पण सं.चा आवाज कळतो. म्हणजे कळत नाही, हाच तर घोळ आहे. ही बाई मला माहीत नाही.

एक मोठं भांडण सापडलं. मराठीतला तो आडवा र, 'वाऱ्यावर' मधला. कॉम्प्युटर त्याचा 'वार्यावर' करायचा. मॅथ्यू म्हणत होता, किरकोळ आहे, पुढच्या खेपेला बघू. त्यावर सं.: "मॅथ्यू, तू न वाचता उत्तरं देतोस. परत वाच आणि मग तोंड उघड." मग मॅथ्यू: "वाचलं. तुझं बरोबर. मी गाढव." मग सं.: "गाढव आहेस हे सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्त कधी करतोस ते सांग."

सं.! जी मला सांगते "बरं", "चालेल", "तुम्ही म्हणाल तसं".

हे महिनोन्‌महिने चाललेलं. त्या माणसाला मराठीचं एक वाक्य येत नाही आणि तो माझ्या बायकोशी मराठीच्या र वरून भांडतोय, हरतोय, हसतोय. इंग्रजीत अहो नसतं, त्याचाही फायदा असेल.

आमचं असं भांडण एकदाही झालेलं नाही. मी चारचौघांत ते अभिमानाने सांगतो.

७ डिसें., रवि.

सं.ने पडदे धुतले. तळायला गराडूचे कंद आणायला सांगितलं, "त्याने कधी खाल्लं नसेल." मी सांगितलं की मलाही गराडू आवडतं. "मग दोघांसाठी आणा न."

पलासियात जाऊन शर्ट घेतला. निळा. दुकानदार म्हणाला, "भिया, शादी है क्या घर में?"

चिनूचा फोन. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणते, "बाबा, तुम्ही जेलस आहात."

काहीतरीच. या वयात!

फोन ठेवल्यावर आरशात बघितलं. शर्ट पोटावर ताणतो.

१० डिसें.

देपालपूरच्या ब्रँचचं इन्स्पेक्शन. तिथल्या मॅनेजरला म्हटलं, हे शनिवारी ठेवलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, "सर, सेकंड सॅटर्डे को तो छुट्टी है." माहीत आहे मला. म्हणूनच.

परतताना गाडीत ठरवलं, घरीच थांबायचं. आपलं घर आहे. आपण का पळायचं?

१३ डिसें., शनि.

आला आणि गेला. सविस्तर लिहितो.

दार मी उघडलं. माझ्या डोक्यात उंच, दाढीवाला, झोळीवाला कोणीतरी होता. समोर एक बारीकसा म्हातारा माणूस. साठीचाच असेल, पण दिसतो जास्त. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मळका नाही पण इस्त्रीचाही नाही. दोन्ही हात थरथरत होते. नमस्कार करायला जोडले तर जोडलेलेच हलत राहिले.

मला बघून त्याचा चेहरा असा फुलला! "कऱ्हाड!" म्हणाला. "यू आर कऱ्हाड!"

मी सं.कडे बघितलं. ती लाल झाली.

कळलं ते असं. त्या र च्या भांडणात, मी वाचलं त्याच्या पुढे कुठेतरी, सं.ने उदाहरण दिलं होतं, माझ्या नवऱ्याच्या गावाचं नाव तुमच्या फाँटमध्ये लिहिता येत नाही, 'कर्हाड' होतं. तेव्हापासून लिस्टवर माझं नाव कऱ्हाड. आज सं. लवकर का गेली? कऱ्हाडला ताप आहे. सं. उद्या नाही, कऱ्हाडची बदली थांबवायला भोपाळला जायचंय. नवा फाँट आला की मॅथ्यू पहिला शब्द कऱ्हाड टाकून बघतो. त्याने खिशातून पेन काढून दाखवायचा प्रयत्न केला. रेषा कागदभर पळाली. पण र बरोबर आडवा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं ते असं: माझं गावसुद्धा यांनी आपसांत वाटून घेतलं. इतकी वर्षं हे मला एका नावाने ओळखतात आणि मला नावच माहीत नाही.

जेवताना दोघं बोलत होते. मला तीन शब्दांतला एक कळे. कुणा एकाची आठवण निघाली, जो लिस्टवर प्रत्येकाशी भांडायचा आणि मग फाँटच्या सीड्या स्वखर्चाने पोस्टाने गावोगावी पाठवायचा. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी मध्येच बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाची हकीकत सांगितली. दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. त्याचाच राग आला.

मी म्हटलं, फुकट दिलेल्याला किंमत नसते. तो इंग्रजीत म्हणाला, "खरं आहे. मला पण कोणी विकत घेतलं नाही." आणि हसला.

रस्सा वाढताना सं.ने त्याच्या वाटीला नुसता हात लावून ठेवला, सांडू नये म्हणून. बोलणं न थांबवता. त्याच्याकडे न बघता. जणू रोजचंच. पहिल्यांदा भेटतेय ती त्याला.

वाटलं होतं, माणूस एकदा बघितला की जळफळाट जाईल. तो असा आहे हे बघून तर जायलाच हवा होता.

गराडू त्याला आवडलं. माझ्या वाट्याचंही खाल्लं.

१४ डिसें., रवि.

त्याला हॉटेलवरून घेऊन स्टेशनवर सोडायला मी गेलो. सं.चे पाय दुखत होते, असं ती म्हणाली. तिला डोळे पुसायचे असतील.

गाडीत तो सरळ बोलला. हातांमुळे आता टाइप होत नाही. फाँटचं सगळं काम सं.ने हाती घ्यावं असं त्याला वाटतं. त्याआधी सहा महिने त्रिशूरला येऊन राहावं, तिथल्या दोन नव्या मुलींना शिकवावं, सगळं समजून घ्यावं. काल मी पान आणायला गेलो होतो तेव्हा त्याने तिला विचारलं.

"काय म्हणाली?"

"विचार करून लिस्टवर सांगते म्हणाली."

लिस्टवर! मला नाही. लिस्टवर.

डब्यात चढवताना त्याचा हात धरावा लागला. हलका आहे फार. आत बसल्यावर खिडकीतून म्हणाला, "थँक यू, कऱ्हाड." मी हात हलवला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

१६ डिसें.

सं. काही बोलत नाही. मीही नाही. कॉलेजातल्या नोकरीवरून येते, चहा, मग आतली खोली. टकटक ऐकू येते. मी लिस्ट उघडून बघतो, दिवसातून कितीदा तरी. तिचं उत्तर नाही. कुणा नवशिक्याच्या वेलांटीबद्दल तीन लांब मेल लिहिलेत. त्याच्यासाठी वेळ आहे.

१८ डिसें.

जेवताना मुद्दाम म्हटलं, त्रिशूर चांगलं आहे म्हणतात. हवा दमट असते. तुझ्या गुडघ्यांना त्रास होईल.

"होईल," म्हणाली.

एवढंच.

१९ डिसें., शुक्र.

भांडण झालं. संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला.

सुरुवात मीच केली, मोठेपणा दाखवत. म्हटलं, "जायचं असेल तर जा की. मी कुठे अडवतोय?"

तिने हातातली काडेपेटी खाली ठेवली. "अडवत नाही तुम्ही. हेच तर. कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही."

"काय विचारायचं?"

"त्या खोलीत बसून मी करते काय, इतकंच! इतक्या वर्षांत एकदा तरी आत आलात? दारात उभं राहून 'जेवायचं का' विचारता. बस."

"मला काय समजणार त्यातलं?"

"मॅथ्यूला मराठी येत होती का?" तिचा आवाज चढला. शेजारचे ऐकत असतील, असं माझ्या मनात आलंच. "एक अक्षर येत नव्हतं! विचारून विचारून भेजा खाल्ला त्याने माझा. हा र का, तो का नाही, तुझी आई कसा काढायची. आणि तू, तू कऱ्हाडचा, तुझ्या घरात मी बोलले की माझी मराठी सुधारत बसतो!"

तू.

तिच्या लक्षात आलं नसावं. ती बोलतच होती. माझ्या बदलीच्या वेळचं, आईच्या फोनचं, चिनूच्या शाळेचं. काही खरं, काही मला पटलं नाही. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "चूक! साफ चूक! आठव नीट!" मी आठवलं. तिचंच बरोबर होतं. तेवढं कबूल केलं. बाकीचं नाही केलं, कारण बाकीचं माझं बरोबर होतं.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. भाताचा पार लगदा. तसाच खाल्ला. सं.चा चेहरा तापलेला, केस सुटलेले. मला राग आलेला होता आणि तरी वाटत होतं, थांबू नकोस.

हे त्याला इतकी वर्षं मिळत होतं.

२० डिसें.

सकाळी पुन्हा "अहो, चहा." काल काही झालंच नाही असं. मी म्हटलं, तू त्रिशूरचं ठरवलंस का? "नाही अजून." मग, थोड्या वेळाने, "तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटतं तू जाऊ नयेस. असं म्हणालो. कारण विचारलं तिने. कारण सांगता येईना. गुडघे म्हणालो.

तिने कप उचलले.

२१ डिसें., रवि.

सं. आतल्या खोलीत. दार नेहमीसारखं अर्धं उघडं. दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तिने मान वर न करता विचारलं, "जेवायचं का?" म्हटलं नाही, पाणी प्यायला आलो.

बाहेर येऊन मोबाईलवर त्यांच्या लिस्टमध्ये माझं नाव घातलं. कुणालाही घालता येतं. मग मेल लिहिला. चार वेळा खोडला. इंग्रजीत अर्जासारखा व्हायला लागला तेव्हा मराठीत लिहिला:

"मी नवीन आहे. मला यातलं काही येत नाही. तुम्ही हे काम नक्की कसं करता, पहिल्यापासून समजून घ्यायचं आहे. वेळ लागेल. कोणी सांगेल का?"

खाली पूर्ण नाव. पाठवला.

लगेच उत्तर आलं. माणसाचं नाही, मशीनचं. नव्या सभासदाचा पहिला मेल मॉडरेटरने बघितल्याशिवाय लिस्टवर जात नाही. आपला मेल मंजुरीसाठी थांबला आहे. मॉडरेटर: संध्या.

आतली टकटक थांबली.

बसून राहिलो. पेपर उलटा धरला होता, तो सुलटा केला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, चष्मा डोक्यावर. गॅलरीतले कपडे काढले. माझा निळा शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला. हसत होती की ऊन डोळ्यांवर आलं होतं, सांगता येत नाही.

परत आत गेली. आता टकटक चालू आहे. लिस्टवर अजून काही नाही.