आजोबांच्या मापाची सायकल

४ जानेवारी

चि. उंटोबास अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे हे आठवत असेल तर पुढं वाच. नसेल तर हे पत्र शेजाऱ्यांना दे, ते तरी उत्तर धाडतील. तुझं डोकं पडलं उंचावर, तिथं वारा फार, आठवणी उडून जात असतील. लिहितायत वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. मी सांगेन ते सगळं लिहितात, फक्त शिव्या गाळतात.

तू डोंगरात चालवायची सायकल घेणार, असं तुझी आई म्हणाली. जिथं धड चालता येत नाही तिथं सायकल कशाला, हे मी विचारणार नाही. कुणाबरोबर जाणार, एवढं कळव. इथं ठीक. घरात बोलायला घड्याळ आहे, पण ते दुसऱ्याचं ऐकून घेत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

२० जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वर्मी लागलं. कारखान्यात यंत्रांचा आवाज इतका की दिवसभर कानांत बोळे. सुटी आली की बोळे निघतात, पण बोलणारंच कोणी नसतं. रविवारी सकाळी खिडकीखालून सायकलवाल्यांचा घोळका टेकडीकडं जातो. त्यांच्यामागं जावं म्हणतोय, म्हणून सायकल.

दुकान दूरच्या शहरात. नुसती उंची कळवून भागत नाही, फ्रेम पायाच्या मापानं ठरते. भिंतीला टेकून उभं राहायचं, पुस्तक पायांच्या मधे घट्ट वर धरायचं आणि दुसऱ्यानं भिंतीवर खूण करायची. मी खूण करायला वाकतो आणि पुस्तक घसरतं. दरवेळी नवंच माप येतं.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा नातू

२ फेब्रुवारी

चि. उंटोबास आशीर्वाद.

पुस्तकाचं कळलं. खूण करायला माणूस नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण मला ऐकू आलं.

सोबत दोरा धाडलाय. तुझ्या आजोबांच्या विजारी मीच शिवायचे. मला आकडे कळत नाहीत, म्हणून दोऱ्याला गाठी: एक टाचेची, एक वर जांघेची. तू म्हणजे त्यांचीच छापील प्रत, हे सगळं घर म्हणतं. तेव्हा याच मापाची फ्रेम मागव. दोरा हरवलास तर उंची कमी करीन. ते गेल्यापासून तो माझ्या उशाशी असतो.

आजीवर नजर असू दे.
आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

सायकल आली. दोऱ्याप्रमाणं सगळ्यात मोठी फ्रेम. रविवारी घोळक्याच्या मागून निघालो. उतारावर थांबायला गेलो तर पाय जमिनीला टेकेनात, मधली नळी नको तिथं लागली आणि मी आडवा. घोळका पुढं निघून गेला. शेवटची एक बाई तेवढी मागं वळली. ती बेकरीत काम करते. माप कुणी घेतलं, म्हणून तिनं विचारलं. आजोबांचं आहे म्हटल्यावर हसली नाही. बेकरीत नेऊन भिंतीशी उभं केलं, पायांत पावाची फळी दिली आणि पिठाच्या बोटानं खूण केली.

माझे पाय आखूड आहेत, आजी. उंची सगळी पाठीत. एक माप लहान फ्रेम हवी. दुकानदार बदलून देतोय. मी आजोबांसारखा नाही, हे तुला कसं कळवावं यात आठवडा गेला.

रागावू नकोस. लोभ असू दे.
नातू

२५ मार्च

चि. नातवास आशीर्वाद.

मास्तरीणबाईंनी तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. मग मी जरा वेळ घड्याळाचं ऐकत बसले.

तुझे आजोबा खाली बसले की माझ्याएवढेच व्हायचे. तू बसलास तरी मला मान वर करावी लागते. तू इथं होतास तेव्हा रोज ताटावर बघत होते, पण डोळ्यांना त्यांनाच बघायचं होतं. तो माणूस गेला तो गेला. त्याचं माप तुला घालत बसले आणि तू पडलास. लागलं किती, ते लिहिलं नाहीस.

दोरा परत धाड, तो माझा आहे. दुसरा एक धाड, तुझ्या मापाचा. गाठी त्या बाईंना मारायला सांग. दोऱ्याला टोकं दोन असतात. तोही उशाशी ठेवीन.

त्यांच्या बेकरीतला केकही धाड. बिनदाताच्या म्हातारीला कोणता चालेल, हे त्यांनाच जाऊन विचार, स्वतःच्या मनानं उचलू नकोस. मऊ हवा, आणि त्यात मनुके नकोत.

तुझीच,
आजी