पंजा उमटलेले ब्लॉक

एजिसु, रविवार, चर्चहून आल्यावर

चि. अनाने यास मामाचे पोटभर आशीर्वाद. तुमच्या हॅम्बुर्गला थंडी फार, कानटोपी विसरू नकोस. इकडे तुझी आई ठणठणीत आहे. मीही बराच आहे (डावा गुडघा सोडून; तो माझं ऐकत नाही).

आज बसलोय ते तुझे आभार मानायला. हमरस्त्यावर यंत्राने ब्लॉक पाडणारा नवा कारखाना झाला आणि आपल्या सिमेंटच्या ब्लॉकना कुणी विचारेना. साचे गंजले. अग्येई मिस्त्रीला आता दुसरीकडे बघ म्हणून सांगायचं ठरवलं होतं (बावीस वर्षं माझ्याकडे आहे तो, तोंडच उघडेना), तेवढ्यात दुफीबाई आली. लंडनचा भाऊ घर बघायला येणार, आणि त्याने घरासाठी पाठवलेल्या पैशांतून हिने थाटलंय केसांचं दुकान. प्लॉटवर नुसतं गवत. म्हणाली, "चार दिवस ब्लॉक भाड्याने द्या." मी म्हटलं, "अगं, ब्लॉक म्हणजे काय मयताच्या मांडवातल्या खुर्च्या?" तर म्हणते, "खुर्च्या मोडतात तरी, काका. हे नुसते उभे राहतील."

दिले. मेहनतीशिवाय आलेली ती पहिली कमाई. पण प्रत्येक ब्लॉकवर चुन्याचा पंजा होता. भावाने विचारलं, हे काय? बाई डोळे मिटून म्हणाली, पाद्रीबाबांनी एकेकावर हात ठेवलाय. भाऊ असा विरघळला की तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्याच ब्लॉकच्या भिंती उभ्या करू लागला, वर आणखी आठशे मागितले, तसेच पंजावाले. आता अख्ख्या गावाला पंजावालेच हवेत. (मला खोटं पचत नाही, म्हणून पाद्रीबाबांना फुफू खायला घालून खरंच हात ठेवायला लावले. त्यांनी तीनदा वाढून घेतलं.) अग्येई साच्यांना तेल लावताना गातो. तेही गोड मानून घेतोय.

तुझा,
याव मामा

ता.क. तो पंजा तुझ्या आईचा. तू घरासाठी पैसे पाठवून पाडून घेतलेले ब्लॉक चोरीला जाऊ नयेत म्हणून तिने उमटवला होता. द्यायला माझ्याकडे तेवढेच तयार होते रे, म्हणजे तुझेच. सध्या ते दुफीबाईच्या भावाच्या खिडकीपर्यंत पोचलेत. तुझ्यासाठी जास्त सिमेंटचे नवे पाडतोय. तेव्हा नाताळऐवजी ईस्टरला आलास तर बरं. आंबेही असतात.

ता.ता.क. तुझी आई म्हणते, कधीही ये. दुफीबाईच्या भावाकडून तिने एक खोली कबूल करून घेतलीय. भिंती आपल्याच आहेत, संकोच करू नकोस.