पाण्याची मोटर आणि गच्चीचं दार

१३ एप्रिल १९९७, रविवार
रिंगरोडवरच्या हॉलमध्ये कोर्स सुरू. नाव भारदस्त: 'राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी प्रभावी व्यक्तिमत्त्व'. शिकवणारे जरीवाला सर परदेशात आपल्या वकिलातीत होते. (व्हिसाच्या खिडकीवर. पण वकिलातीतच.) राजनैतिक अधिकारी एकही आला नाही. सगळे कापड दलाल, आणि साडीच्या दुकानातला सेल्समन मी एकटाच. म्हणजे कॉम्पिटिशन नाही.
सर म्हणाले, "पहेलां सांभळो, पछी बोलो." आधी ऐका, मग बोला. शिवाय रोज डायरी लिहा. संकल्प: पहाटे पाचला उठणे, इंग्रजी पेपर, राग बंद.

१४ एप्रिल
सात वाजता उठलो. थकलेला माणूस वाटाघाटी काय करणार? झोप आवश्यक.

१६ एप्रिल
संधी आपणहून घरी आली!
शेजारच्या सखुबाईंनी ओल्या गोधड्या गच्चीवरच्या दोरीवर टाकल्या. खाली माझ्या बायकोच्या, अनुसयेच्या, कुरडया वाळत होत्या. सगळ्यांचा लगदा. अनुसया म्हणाली, डोळे फुटले का? सखुबाई म्हणाल्या, गच्ची काय तुझ्या बापाची? गच्चीचा जिना आमच्या खोलीतून जातो. अनुसयेने जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. पाण्याची मोटर त्यांच्या खोलीत. सखुबाईंनी मोटर बंद केली.
अगदी दोन देशांसारखं. मला तर आनंदच झाला. अनुसयेने विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मी हसून सांगितलं, मी तटस्थ.
रात्री जेवण नाही. तटस्थ माणसाने स्वतः करून घ्यावं म्हणे.

१८ एप्रिल
विश्वास वाढवण्याचा उपाय: हरभऱ्याच्या डाळीचा गरम वाफवलेला लोचो घेतला, सखुबाईंच्या नवऱ्याला, निंबाला, दिला. अनुसयेने पाठवलाय म्हणून सांगितलं. सखुबाई विरघळून आमच्या दाराशी आल्या. अनुसया म्हणाली, "मी? मी तर यांच्यासाठी दगडसुद्धा पाठवणार नाही." दार आपटलं.
लोचो निंबाने खाऊन टाकला होता. म्हणजे निम्मी बाजू आपल्याकडे.

२० एप्रिल, रविवार
दुसरा क्लास. सर म्हणाले, समोरच्याला जे ऐकायचंय ते त्याच्या तोंडून काढा. मी पुढची पायरी शोधली: ते आपणच बोलून टाकायचं.
सखुबाईंना गुपचूप सांगितलं, तुमचं बरोबर, आमची अनुसयाच भांडखोर. अनुसयेला सांगितलं, तुझंच बरोबर, सखुबाईच भांडखोर. दोघी खूश. अनुसयेने वरणात तूप घातलं.
एवढं सोपं असताना जगात युद्धं का होतात, कळत नाही.

२२ एप्रिल
पाणी अजून नाही. गल्लीच्या नळावरून बादल्या मीच आणतो. लोक बघतात. मी ताठ चालतो. बॉडी लँग्वेज.
कंबर धरली.

२३ एप्रिल
दुकानात गिऱ्हाईक बाईला मोरपंखी साडी हवी होती. मी पहेलां सांभळो केलं, फार वेळ केलं. ती शेजारच्या दुकानात गेली. शेठ गुजरातीत पुष्कळ बोलले. मी तेही ऐकून घेतलं. प्रगती आहे.

२४ एप्रिल
शिखर परिषद. जिन्याच्या पायऱ्यांवर दोघींना समोरासमोर बसवलं. निंबा निरीक्षक. माझं उद्घाटनाचं भाषण तयार होतं. 'दोन्ही बाजूंचा मान' इथपर्यंत आलो होतो, तर सखुबाई अनुसयेला म्हणाल्या, तुझा नवराच सांगतो तू भांडखोर म्हणून. अनुसया चिडून थेट अहिराणीत म्हणाली, "मी? मले तर तू भांडखोर अशी सांगं यास्नी!"
शांतता पसरली. शांतता हे वाटाघाटीतलं मोठं हत्यार. पण ते माझ्या हातात नव्हतं.
मग दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. निंबाही. निरीक्षकाने हसू नये.
संध्याकाळी मोटर सुरू, दाराचं कुलूप उघडं. निकाल महत्त्वाचा. श्रेय मी मागत नाही. (सरांना मात्र सविस्तर सांगणार.)

२५ एप्रिल
दोघी मिळून कुरडयांचा नवा चीक शिजवतात. मी आत गेलो की बोलणं थांबतं. गोपनीय चर्चा असावी. अनुसया आज दिवसभर माझ्याशी फक्त "सरका" म्हणाली.

२७ एप्रिल, रविवार, दुपार
आज शेवटचा क्लास, सर्टिफिकेट मिळणार. इस्त्रीचा शर्ट घातला. अनुसया गोड आवाजात म्हणाली, अहो, जरा वर जाऊन कुरडयांवरचे कावळे हाकला, मी आलेच. संबंध सुधारल्याचं लक्षण. लगेच वर आलो. मागून कडी लागली.
डायरी खिशात होती म्हणून लिहितो आहे. पायाखाली भट्टी. खालून दोघींचा आवाज येतो, कपांचाही.
कठड्यावरून वाकून निंबाला हाक मारली. तो म्हणाला, "काशिनाथ, मी दार उघडलं तर माझं जेवण बंद होईल. तू बघ बाबा तुझं." आणि घरात गेला.
थोड्या वेळाने दारामागे पावलं वाजली. अनुसया. हसत नव्हती. हळू विचारलं, "खरं सांगा. मी भांडखोर वाटते तुम्हाला?"
एवढी वर्षं झाली लग्नाला, असं तिने कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं. मग आठवलं, अशा वेळी घाईने काही कबूल करायचं नसतं.
म्हणालो, "यावर सध्या काही बोलणं योग्य होणार नाही."
पावलं जिना उतरून गेली.