अ‍ॅप्रिसिटीची सावली

५ डिसें.
सरांनी आमच्या गावातल्या, औंढ्यातल्या नव्या रिसॉर्टचं नाव ठरवलं. ‘अ‍ॅप्रिसिटी’. त्यांच्या लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर मी बसते, म्हणून पाहुण्यांना अर्थ सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. शोधला. थंडीतल्या उन्हाची ऊब. शब्द मूळ लॅटिन. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजी कोशात आला, पुढे कुणी फारसा वापरलाच नाही. आणि हे नाव कुणाला? आमच्याच अंगणापुढे चढवलेल्या इमारतीला! डोकं फिरलं.

८ डिसें.
आबांचा दमा वाढलाय. दुसरा मजला झाल्यापासून अंगणात ऊन साडेदहाला येतं, आधी आठला यायचं. आबा खुर्ची सरकवत बसतात. तिसरा मजला अजून बाकीच. त्यांना नाव सांगितलं, अर्थ सांगितला.
“त्याला येवढा शब्द कशाला? ऊन खात बसलोय म्हनायचं. पर ऊन हाय कुटं?”
मी चहा टाकायला आत गेले.

११ डिसें.
सरांना सांगायचंच, तिसरा मजला रद्द करा किंवा अंगणापासून मागे तरी सरकवा, असं ठरवून गेले. तेच आधी बोलले. “माहितीपत्रकावर गावातले आजोबा हवेत, ऊन खाताना. तुझे वडील चालतील ना?”
“हो सर.”
हो सर! दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. नोकरी गेली तर आबांची औषधं... पण तरी.

१४ डिसें.
फोटोवाला नऊला हजर. अंगणात सावली. “ऊन कुठे मिळेल, मॅडम?” मी वर, स्लॅबकडे बोट दाखवलं. झालं! आबांना दोनदा जिन्यात बसवत वर नेलं. खुर्चीत टेकले, डोळे मिटले.
“लय बेस वाटतंय गं हितं.”
फोटो झाले तरी उठेनात. खोकला नाही, काही नाही. मला रडूच आलं. रागही.

१५ डिसें.
सकाळी अंगणातली खुर्ची रिकामी. बाहेर वॉचमनच्या हाका, “ताई, आबा वर चढलेत! खाली न्या. आज तिसऱ्याच्या सळया बांधायच्यात.”
धावत गेले. आबा कालच्याच जागी.
“बसू दे जरा. उद्या न्हाई येनार.”
खाली चला म्हणायला आले होते, शेजारी बसले. वही पर्समध्ये होती, इथेच लिहितेय. खाली कामगार खोळंबलेत. सरांचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय. या वेळी घेणार. ‘हो सर’ सोडून काय म्हणायचं, ते ठरलंय.