मादी चार पावले सरकली

१४ मार्च

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सारे ठीक. तुमचे गुडघे आता कसे आहेत? साडूभाऊंना नमस्कार सांगा.

मंगळवारी सकाळी पाणीपुरवठ्याच्या पंपावरची पाळी संपवली आणि देवाचे नाव घेऊन जलाशयाच्या काठावर दुर्बीण लावून बसलो. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या आहेत. त्यांच्यासाठी मी सुरय पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. या दिवसांत नर चोचीत मासा धरून मादीपुढे मिरवतो. तिने घेतला, तर जोडी जमली.

एक नर महिनाभर एकाच मादीकडे मासा नेतो आहे. ती तोंड फिरवते. मी रोज लिहायचो, "मादी लाजते."

त्या दिवशी बाईंनी वही चाळली.

"काका, लाजते हे तिनं येऊन सांगितलं का तुम्हाला?"

"दिसतंच की ते, बाई."

"दिसतं तेवढंच लिहा. किती पावलं, कुठल्या बाजूला."

सगळीकडचे 'लाजते' त्यांनी खोडले. मी पुन्हा दुर्बीण लावली आणि लिहिले, "मादी चार पावले मागे सरकली. पाठ केली."

ताई, तिथे माझा हात थांबला. लग्नानंतर तुम्ही विचारले होते, आमची धाकटी रमली का? मी हसून म्हणालो होतो, लाजाळू आहे. बावीस वर्षे तेच सांगत आलो. मी घरात शिरलो की ती ताट वाढून आत जायची. काही आणले की, "ठेवा तिथे." हात पुढे केला की भिंतीकडे वळायची. मी कधी हात उगारला नाही, याचाच मला मोठा अभिमान. तिला काय हवे, हे विचारलेच नाही.

तुमच्याकडे निघाली तेव्हा तिने दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला होता. मला वाटले, दोन दिवसांनी येईल.

आणखी एक. घटस्फोटाचे कागद मिळाले नाहीत, असे मी फोनवर म्हणालो ते खोटे होते. अकरा महिने ते देवाच्या तसबिरीमागे होते. रोज हात जोडून मागायचो, तिचे मन वळव. आता माझ्याने तेही मागवत नाही.

तो नर आजही मासा घेऊन आला होता. त्याची वही कोणी तपासत नाही.

काल तिन्ही पानांवर सही केली. कागद सोबत आहेत. तिच्या हातात द्या. ती काय म्हणाली, ते मला कळवू नका.

कालपर्यंत तुमचा मेहुणा