मनोरमाला वाचून दाखवताना

३ नोव्हेंबर, सोमवार

थेंब — ८, १२, ४, ८. चारही वेळा दिले.

डॉक्टरांनी थेंबांची नोंद ठेवायला सांगितलंय म्हणून ही वही. मनोरमाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. शनिवारी ऑपरेशन झालं. आत हवेचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरणार. पण त्यासाठी दहा दिवस पालथं पडून राहायचं! तासाला दहा मिनिटं तेवढी सुट्टी. तोंड उशीत. मला दिसते ती फक्त तिची वेणी.

४ नोव्हेंबर

थेंब दिले.

जितेंद्रचा बंगळुरूहून फोन. "बाबा, आईला मोबाइलवर गोष्टी लावून द्या ना." ती उशीतूनच म्हणाली, "मशीनचा आवाज नको. तुम्ही वाचा."

मी! बत्तीस वर्षं विजेचे मीटर दुरुस्त केले. वाचलं काय, तर पेपर आणि सर्किटचे नकाशे.

संध्याकाळी क्लेमेंटीनबाई पुस्तक देऊन गेल्या. पलीकडच्या वाडीत राहतात, चर्चच्या हॉलमधलं वाचनालय सांभाळतात. "आत्मारामभाऊ, मनोरमाने हेच मागितलंय." हसू दाबत होत्या. कव्हरवर स्कूटरला टेकून उभी असलेली बाई. प्रेमकथा! या वयात!

५ नोव्हेंबर

तेवीस पानं वाचली. घसा बसला.

गोष्टीतली नंदिता साताऱ्यात कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला. हेमंत एसटी डेपोत कारकून. दोघंही चाळिशीपुढचे, म्हणजे अगदीच पोरकट नाही. पण एका ठिकाणी तो तिच्या मानेवरचे केस बाजूला करतो आणि... मी खोकलो आणि पान उलटलं.

"एक पान राहिलं," उशीतून आवाज.

"चिकटलं होतं."

"मग सोडवा."

सोडवलं. वाचलं. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं नसावं. तिचं तोंड दिसत नव्हतं, हे एक बरं.

६ नोव्हेंबर

थेंब. बेचाळीस पानं! दुपारचा वरणभात गॅसवर विसरलो. हेमंतची बदली होणार की नाही, तेच कळेना.

७ नोव्हेंबर

आजचं लिहायलाच हवं.

नंदिता दुकान बंद करते तेव्हा हेमंत रोज बाहेर थांबलेला असतो. रोज एकच विचारतो — "आज काय झालं?" आणि गप्प बसतो. ती बोलते. तो मधे तोडत नाही, सल्ला देत नाही, घड्याळ बघत नाही. तिचं संपलं की स्कूटर सुरू करतो. बस, एवढंच! यात प्रेम कुठे आलं, असं वाटत होतं. आणि वाचता वाचता मीच अडखळलो.

"परत वाचा ते," मनोरमा म्हणाली.

वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. चौतीस वर्षांत मी हिला काय काय विचारलं? भाजी कुठली, रेशनकार्ड कुठे, प्रेशरची गोळी घेतलीस का. हे नाही विचारलं. एकदाही नाही.

लिहिणारी बाई कोण, कुठली. तिला आमचं घर माहीत नाही. वसई तरी तिने पाहिली असेल का? मग हे तिला कळलं कसं? अजून डोक्यात मावत नाहीये.

८ नोव्हेंबर

थेंब — सकाळचे दिले. १२ चे चुकले, साडेबाराला दिले.

सुट्टीच्या दहा मिनिटांत तिला चहा दिला. ती परत पालथी झाली तेव्हा हिंमत केली. "मनोरमा, आज काय झालं?"

"पालथी पडले होते. दुसरं काय होणार?" दोघंही हसलो. मी पुस्तक उघडलं तर म्हणाली, "आजचं राहू द्या. चौऱ्याण्णव सालचं सांगू?"

पुस्तक मिटलं.

जितेंद्रच्या आधी आमची एक मुलगी सातव्या महिन्यात गेली. पोटातच. या घरात त्यावर एकतीस वर्षांत एक शब्द नाही. आज ती बोलली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं की हिचा पान्हा फुटायचा. मग नर्सने छातीला घट्ट पट्टा बांधला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलात. मला वाटलं, तुम्हाला काहीच झालं नाही."

हेमंतसारखं गप्प बसायचं ठरवलं होतं. नाही जमलं. सांगून टाकलं — पोरीला मीच नेलं होतं. टॉवेलात गुंडाळून. खाडीकडच्या स्मशानामागे, कुंपणाच्या आत. खड्डा मीच खणला. दोन तास तिथेच बसलो. तुझ्यासमोर यायचं तोंड नव्हतं, म्हणून सरळ कामावर गेलो.

मग तिचा हात पलंगावरून खाली चाचपत आला. माझा पाय सापडला, तोच धरून ठेवला.

"थंडी होती का हो तेव्हा?"

"नव्हती. ऊन होतं."

"बरं झालं."

९ नोव्हेंबर

थेंब दिले. वाचन नाही. तिचा हात हातात होता, पुस्तक कुठे धरणार!

१० नोव्हेंबर

ती झोपली होती तेव्हा पुढचं एकट्याने वाचून टाकलं. राहवेना. आणि काय तो शेवट! नंदिता बॅग घेऊन एसटी स्टँडवर उभी. हेमंत येत नाही. गाडी सुटते. संपलं!

त्या लेखिकेशी जाऊन भांडावंसं वाटतंय. तोच हेमंत येत नाही? ज्याने रोज विचारलं, तो? पुस्तक आपटलं. परत उचललं, पुसलं.

हे मनोरमाला कसं वाचून दाखवू?

११ नोव्हेंबर

नाही दाखवलं. शेवटच्या पानावर बोट ठेवून वाचल्यासारखं केलं. हेमंतला आणला. धापा टाकत आणला! म्हटलं, "वाटेत त्याची स्कूटर पंक्चर झाली होती."

"पंक्चर?"

"हो. पंक्चर."

"पुढे?"

पुढे मला सुचेना. तो बॅग घेतो, म्हटलं. ती गाडी सोडते, म्हटलं. दोघं स्टँडवरच्या कँटीनमध्ये बसतात आणि या वेळी ती त्याला विचारते. तो सांगायला लागतो. संपलं.

तिची पाठ हलत होती. रडते की हसते, कळेना.

"छान लिहिलंय हो," म्हणाली.

१२ नोव्हेंबर

तपासणी. पडदा बसला! पालथं राहणं संपलं. पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय म्हणते, पण दिसतंय! रिक्षात माझ्याकडे टक लावून बघत होती. मीच बाहेर बघत राहिलो, नव्या नवऱ्यासारखा.

१४ नोव्हेंबर

दोघं खाडीवर जाऊन आलो. जागा दाखवली. तिथे आता गवत आहे. ती वाकली, गवतावर हात ठेवला.

१५ नोव्हेंबर

पुस्तक परत द्यायला गेलो. क्लेमेंटीनबाई म्हणाल्या, "वाचलंत एकदाचं! तीनदा नेलं होतं तिने हे. तोंडपाठ आहे तिला. म्हणायची, कसं करून हे ह्यांच्याकडून वाचून घ्यायचंय. शेवट मात्र तिला जराही आवडत नाही."

हॉलच्या पायरीवरच बसलो. म्हणजे मी पंक्चर म्हटलं, त्याच क्षणी तिला सगळं कळलं होतं!